ट्रॅकवर गाडी नेण्याआधी पॉलिसी वाचा

जुनी स्विफ्ट तयार करून चेन्नई-कोइमतूरच्या ट्रॅकवर न्यायची हौस आपल्या दारव्हा-दिग्रसकडच्या पोरांनाही आहे. पण स्पॅनर हातात घेण्याआधी विम्याचा कागद काढा अन् त्यातल्या वापराच्या मर्यादा वाचा. नेहमीच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी हे वगळलेलं असते. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारं जास्तीचं कव्हर, घेतलं तरी तेच. ‘ही शर्यत थोडीच आहे, सराव आहे’ असं म्हणून एजंट ‘होऊन जाते भाऊ’ म्हणेल. ते कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. अन् ट्रॅकवर फुटलेला बंपर फाट्यावर बैल आडवा आला म्हणून दाखवू नका, ती सरळ फसवणूक आहे. गाडी ट्रकवर जाणार असेल तर वाहतुकीचा विमा वेगळा विचारा.

आता ब्रेक ऑइल. हे हवेतला ओलावा ओढते. नव्या डॉट-४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असतो, ओलावा मुरला की तो १५५° पर्यंत उतरू शकतो. मग चौथ्या-पाचव्या फेरीत पेडल चिखलात पाय रुतावा तसं खाली जाते. म्हणून जाण्याआधी सीलबंद डबा फोडून ऑइल बदला. फवारणीच्या औषधांशेजारी अर्धा उघडा पडलेला डबा नको.

टायरची हवा सकाळी थंड असताना मोजून वहीत लिहा. फेऱ्यांनंतर ती चढतेच. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी थांबवून तपासायच्या जागी, येताच गेज लावा, चारही चाकं सारखी तापत नाहीत.