बँकॉकच्या पूरकाळात कामं उरकून सुखरूप घरी कसं परतावं

बँकॉकला नव्याने राहायला आलेल्याला पावसाळ्यासाठी दोन सल्ले हमखास मिळतात: गमबूट घ्या आणि टॅक्सीने फिरा. मी दोन्ही ऐकले आणि दोन्ही वेळा पस्तावले. नंतरच्या कितीतरी पावसाळ्यांत इमिग्रेशन, बँक, दवाखाना, मुलाची शाळा अशी सगळी कामं इथे केली. त्यातून बसलेली घडी खाली देते आहे.

पाऊस साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो, पण खरी परीक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरची. इथले लोक तीन पाण्यांचा हिशेब ठेवतात. ‘नाम नुआ’ म्हणजे उत्तरेकडून चाओ फ्राया नदीने येणारं पाणी, ‘नाम फोन’ म्हणजे पावसाचं आणि ‘नाम नुन’ म्हणजे समुद्राच्या भरतीचं. तिन्ही एका वेळी आली की नदीकाठच्या वस्त्यांना धोका. २०११ मध्ये उत्तरेचं पाणी इतकं लोटलं की ऑक्टोबरअखेर डॉन मुआंग विमानतळ बंद करावा लागला, सुवर्णभूमी मात्र चालू राहिला. तसं वर्ष क्वचित येतं. आपल्याला रोज गाठतं ते दुसरं, म्हणजे पावसाचं पाणी. शहर सपाट आहे आणि समुद्रसपाटीच्या जेमतेम वर आहे. तासाभराचा मुसळधार पाऊस झाला की पाणी उपसून कालव्यांत सोडेपर्यंत गल्ल्या तुंबतात.

दिवस आणि वेळ

ज्या कामांना मुदत आहे ती मुदतीच्या पहिल्या दिवशी करा. परदेशी रहिवाशांनी दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनकडे करायची पत्त्याची नोंद मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत देता येते. ‘नंतरचे ७ दिवस आहेतच’ म्हणत थांबणारे लोक मला दर ऑक्टोबरला भेटतात. पाऊस नेमका त्याच दिवसांत पडतो आणि उशीर झाला तर २,००० बातचा दंड भरावा लागतो.

निघायचं सकाळीच. ढग बहुधा दुपारनंतर जमतात आणि संध्याकाळी कोसळतात. ‘पावसाची शक्यता ६० टक्के’ या अंदाजावर बाहेर पडायचं की नाही हे ठरवता येत नाही. त्यापेक्षा बँकॉक महापालिकेच्या नोंग चोक आणि नोंग खेम या रडारांची हलती चित्रं पाहा. ढग कुठून कुठे सरकतोय ते दिसतं आणि पुढच्या अर्ध्या तासाचा निर्णय घेता येतो.

कागद झिप-लॉकच्या पिशवीत, झेरॉक्स वेगळ्या पिशवीत.

प्रवास

बीटीएस ही शहरातली रेल्वे रस्त्याच्या वरून, खांबांवरून धावते, तिला रस्त्यावरच्या पाण्याने फरक पडत नाही. एमआरटी ही मेट्रो जिथे जमिनीखाली आहे तिथे स्टेशनात शिरताना आधी काही पायऱ्या चढाव्या लागतात आणि मगच खाली उतरावं लागतं. ती रचना पुरासाठीच आहे. चेंग वत्तनाच्या इमिग्रेशन कचेरीसाठी २०२३ मध्ये सुरू झालेली पिंक लाइन मोनोरेल वापरा. वात फ्रा सी महाथात स्टेशनला बीटीएसमधून उतरून ती पकडता येते. सेन सेप कालव्यातली बोट जाताना चालेल, परतीसाठी तिच्यावर विसंबू नका. पाणी चढलं की बोटी पुलांखालून जाऊ शकत नाहीत आणि फेऱ्या बंद होतात. टॅक्सीवाल्यांची पाळी दुपारी तीन-चारला बदलते. तेव्हा ते ‘सोंग रोत’ म्हणतात, म्हणजे गाडी परत द्यायची आहे, आणि निघून जातात. त्याच वेळी पाऊस आला तर तुम्ही रस्त्याच्या कडेला भिजत उभे.

स्टेशन ते घर

इथपर्यंत सगळं सोपं आहे. माणसं अडकतात आणि दुखापत करून घेतात ती शेवटच्या टप्प्यात. स्टेशनपासून तुमच्या सोईच्या, म्हणजे गल्लीच्या, आतल्या टोकापर्यंतच्या वाटेवर.

माझा पहिला नियम: लगेच चालायला लागू नका. स्टेशनच्या जिन्यावर उभं राहून पाणी दिसलं की घर गाठायची घाई होते, कारण घर फक्त आठशे मीटरवर असतं. थांबा. माझ्या सोईतलं पाणी बहुतेक वेळा एक-दोन तासांत उतरतं. हे दोन तास स्टेशनात किंवा जवळच्या मॉलमध्ये काढायचे हे मी सकाळी निघतानाच गृहीत धरते. घरी तसं सांगून ठेवते, पॉवर बँक आणि चार्जरची वायर जवळ ठेवते.

थांबणं शक्यच नसेल तर कोपऱ्यावरच्या नारिंगी जॅकेटवाल्या मोटरसायकल-टॅक्सीवाल्याला विचारा, ‘नाम थुअम माय?’ म्हणजे ‘पाणी भरलंय का?’ आपली सोई त्याला मीटरामीटराने ठाऊक असते. तो जायला तयार असेल तर भाडं आधी ठरवून बसा. तो नाही म्हणाला तर जास्त पैसे देऊन आग्रह करू नका. तुम्हीही जाऊ नका.

एकदा मी हे केलं नाही. पाणी गुडघ्याच्या खाली होतं, पायात नवे गमबूट होते, आणि मुंबईच्या पावसात वाढल्यामुळे पाण्यातून चालणं मला येतं असा माझा समज होता. फुटपाथलगत चालत होते. तिथल्या गटारावरची एक लादी सरकलेली होती. गढूळ पाण्यात ती दिसणं शक्य नव्हतं. पाय मांडीपर्यंत आत गेला, बुटात पाणी भरलं आणि त्या वजनामुळे पाय वर निघेना. दोन मुलांनी हात धरून मला ओढून काढलं. पोटरीवर लांब जखम झाली होती आणि ती त्याच पाण्यात बुडालेली होती. म्हणून गमबुटाचा सल्ला कुणी दिला की मला राग येतो. पाणी बुटाच्या काठाच्या वर गेलं की गमबूट म्हणजे पायाला बांधलेली बादली. चप्पलही नको, ती पाण्यात निसटते आणि माणूस अनवाणी होतो. घट्ट बसणारे, नाडीचे जुने बूट घाला.

चालताना कडेची गटारं टाळा आणि कडेपासून थोडं आत, स्थानिक माणसं ज्या ओळीने जातायत त्या ओळीने जा. लाकडी काठीने पुढची जमीन चाचपा आणि पाय न उचलता सरकवत टाका. घोट्यापर्यंत पाणी असेल तर चाला. गुडघ्याला लागलं तर मागे फिरा, घर समोर दिसत असलं तरी. पाणी वाहतं असेल तर घोट्यापाशीच परत फिरा, वीतभर वाहत्या पाण्यातही पाय सुटतात.

विजेची भीती गटारापेक्षा मोठी आहे. खांब, लोखंडी फाटक, दुकानाचं शटर, रस्त्यावरची विक्री यंत्रं यांपासून दूर राहा. तोल गेला तरी त्यांना धरू नका. पायांना मुंग्या आल्यासारखं वाटलं तर पुढे एक पाऊलही टाकू नका, अगदी छोटी पावलं टाकत आल्या वाटेने मागे फिरा आणि मागून येणाऱ्यांना ओरडून थांबवा.

घरी पोहोचल्यावर

साबणाने पाय धुवा, जखम असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. घरात साप शिरला तर १९९ वर फोन करा, अग्निशमन दलाचे लोक येऊन पकडून नेतात.

त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. लेप्टोस्पायरोसिस या पुराच्या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराची लक्षणं दोन दिवसांपासून महिन्याभरापर्यंत कधीही दिसू शकतात, बहुधा एक-दोन आठवड्यांत. ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळे लाल असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरांनी न विचारताही ‘अमुक तारखेला पुराच्या पाण्यातून चालले होते’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. मी ते तिसऱ्या दिवशी सांगितलं, आणि योग्य गोळ्या त्यानंतर सुरू झाल्या.