कुंद्याचा भाव कोडमध्ये नको: पायथनमध्ये सेटिंग फाइल ऑब्जेक्टवर कशी चढवावी

बेळगावात आमच्या पाहुण्यांचं कुंद्याचं दुकान आहे. त्यांच्या बिलाचा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहिला आणि भाव कोडमध्येच ठेवून बसलो. मग दर दिवाळीच्या तोंडावर फोन ठरलेला, "भाव बदलून दे की रे." शेवटी सगळं बाहेरच्या फाइलमध्ये काढलं. ते असं.

आधी नोटपॅडमध्ये साधी आयएनआय फाइल (म्हणजे 'नाव = किंमत' अशा ओळींची सेटिंग फाइल) करा. नावं मराठीत चालतात, फक्त मध्ये जागा न सोडता अंडरस्कोर घाला:

[दुकान]
किलोचा_भाव = ४००
दोन्ही_भाषा = हो
तळटीप = पुन्हा या

मग डेटाक्लास (ठरावीक नावांच्या किमती एकत्र ठेवणारा क्लास) लिहा. त्यात हीच तीन नावं, प्रत्येकाला प्रकार आणि मूळ किंमत (फाइलमध्ये ते नाव नसेल तर धरायची): भाव पूर्णांक, दोन्ही_भाषा खरं-खोटं, तळटीप मजकूर. ही सोय पायथन ३.७ पासून आहे.

फाइल वाचायला पायथनसोबतच येणारं कॉन्फिगपार्सर पुरतं. रीड करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आवर्जून सांगा. बिलावर मराठी आणि कानडी दोन्ही छापायचं असेल आणि दुकानातला कॉम्प्युटर विंडोजचा असेल, तर हे विसरल्यावर अक्षरांची खिचडी होते. आणखी एक: फाइल सापडली नाही तरी रीड तक्रार करत नाही, वाचलेल्या फाइलींची यादी तेवढी परत देतो. ती रिकामी असेल तर तिथेच थांबा.

आता खरी मेख. कॉन्फिगपार्सरच्या लेखी सगळं मजकूरच असतं. फाइलमधली प्रत्येक किंमत डोळे मिटून सेटअ‍ॅट्रने डेटाक्लासच्या ऑब्जेक्टवर चढवली, तर भाव आकडा न राहता अक्षरं होतो. दोन किलोला ८०० ऐवजी '४००४००' येतं! 'नाही' लिहिलं तरी ते खरंच धरलं जातं, कारण रिकामा नसलेला मजकूर पायथनला खराच वाटतो. म्हणून डेटाक्लासच्या फील्ड्सवरून लूप फिरवा, प्रकार बघा आणि त्याप्रमाणे कॉन्फिगपार्सरचा गेटबूलियन (खरं-खोटं), गेटइंट (पूर्णांक) किंवा साधा गेट (मजकूर) वापरून मगच सेटअ‍ॅट्र करा. प्रकार इझइन्स्टन्सने तपासत असाल तर बूलियन आधी तपासा. पायथनमध्ये तो पूर्णांकाचाच पोटप्रकार आहे.

फाइलमध्ये डेटाक्लासला ठाऊक नसलेलं नाव आलं तर एरर द्या. 'किलोचा_भव' असं टाइप झालं तर जुन्याच भावाने दिवसभर बिलं फाटतील.

गंमत म्हणजे गेटइंटला '४००' देवनागरीत दिलं तरी कळतं, कानडी आकडेही कळतात. 'हो' मात्र कळत नाही. पार्सरच्या बूलियन_स्टेट्स या डिक्शनरीत हो, नाही ही भर घाला. आम्ही कानडी लिपीतले हौदु, इल्लाही घातले, कारण गल्ल्यावर कधी कोण बसेल सांगता येत नाही.

तळटिपेत '१०% सूट' लिहिलंत तर वाचताना एरर येईल. कारण % ही पार्सरला दुसरी किंमत तिथे भरायची खूण वाटते. पार्सर बनवतानाच ही भरायची सोय, म्हणजे इंटरपोलेशन, नन (None) करून बंद करून टाका.

टॉमल (TOML, सेटिंग फाइलचा दुसरा एक नमुना) फाइल वापरली तर प्रकार आपोआप मिळतात, आणि ३.११ पासून ती वाचायची सोय पायथनमध्येच आहे. पण तिथे मराठी नावं अवतरणात लिहावी लागतात आणि देवनागरी आकडे चालत नाहीत. आमच्या काकूंना ते जमेना, म्हणून आयएनआयच ठेवली.