गाडीतली वीज ग्रिडला द्यायची असेल, तर वेळापत्रक उलटं लिहा

इलेक्ट्रिक गाडीतली वीज ग्रिडला, म्हणजे विजेच्या सार्वजनिक जाळ्याला, विकायची तर गाडी दोन्ही दिशांनी वीज वाहणारी आहे का, तुमचा चार्जर बायडायरेक्शनल, म्हणजे वीज गाडीत भरणारा आणि बाहेरही काढणारा आहे का, वीज कंपनीची परवानगी आणि वेळेनुसार दर लावणारा मीटर आहे का, हे तुम्ही आधीच पाहिलं असेल. परवानगी टाळू नका. लाइन बंद असताना तुमची गाडी वीज ढकलत राहिली, तर खांबावर काम करणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

टायमर एकच ठेवा. गाडीत एक आणि चार्जरच्या अ‍ॅपमध्ये दुसरा लावला की दोघं एकमेकांची वाट पाहतात आणि सकाळी बॅटरी जिथल्या तिथे! गाडीतला टायमर बंद करा, वेळ चार्जरला पाळू द्या.

आता खरी मेख. बहुतेक सल्लागार सांगतात, 'स्वस्त दर सुरू झाला की चार्ज करा, महागला की विका.' या सल्ल्याने अर्ध्या चार्ज झालेल्या गाडीसमोर उभं राहायची वेळ येते. वेळापत्रक दरापासून नाही, निघण्याच्या वेळेपासून मागे मागे यायचं. आणि त्याही आधी तळ ठरवायचा, म्हणजे काहीही झालं तरी ज्याच्या खाली बॅटरी जाऊ द्यायची नाही तो टक्का.

अ‍ॅप सुरुवातीलाच २० टक्के सुचवत असेल, तर तो आकडा पुसून टाका. तुमचा तळ अ‍ॅपला कळत नाही. रात्री अचानक दवाखान्यात जायचं झालं तर जाऊन-येऊन किती अंतर? समजा १२० किलोमीटर. शंभर किलोमीटरला १५ युनिट खाणारी गाडी त्यासाठी १८ युनिट घेईल. ६० युनिटच्या बॅटरीत ते झाले ३० टक्के. त्यात १० टक्के अगदी तळाची शिल्लक आणि ५ टक्के थंडी-पावसासाठी धरा. तळ ४५ टक्के. कोणी कितीही मोबदला देऊ केला तरी हा आकडा हलवायचा नाही.

आता मागे या. सकाळी ७ला निघायचं, ८० टक्के हवेत. एक तास हातात ठेवा, म्हणजे ६ला चार्जिंग संपायला हवं. ४५ वरून ८० म्हणजे २१ युनिट. वाटेतली गळती धरून मीटरवर साधारण २३. चार्जर ७.४ किलोवॉटचा, म्हणजे तासाला ७.४ युनिट घेणारा असेल तर साधारण तीन तास दहा मिनिटं. म्हणजे २:५०; थोडी सवड धरून उशिरात उशिरा अडीचला सुरुवात. अडीचच्या आधीचा जो स्वस्त काळ असेल, तो तुमचा. शंभर टक्के रोज भरू नका. बॅटरी भरलेल्या अवस्थेत तासन्‌तास उभी राहिली की लवकर म्हातारी होते.

विक्रीची वेळ सोपी आहे. सूर्य मावळून सौर वीज आटते आणि घराघरांत दिवे लागतात, तेव्हा ग्रिडला तुमची गरज असते. गाडी ७० टक्क्यांवर घरी आली तर ४५ पर्यंत १५ युनिट देता येतात. मात्र आधी हिशोब करा: आत १० युनिट घातली तर बाहेर येतात सुमारे ८. म्हणजे संध्याकाळचा भाव रात्रीच्या भावाच्या सव्वापटीहून कमी असेल तर विकणं म्हणजे घाटा, बॅटरीची झीज तर वेगळीच. अशा वेळी नुसतं चार्जिंग पुढे ढकलणं हीसुद्धा ग्रिडची मदतच, आणि त्याला बायडायरेक्शनल चार्जरही लागत नाही.

चार्जिंग नेमकं स्वस्त दराच्या ठोक्याला सुरू करू नका. गल्लीतल्या सगळ्या गाड्या एकाच मिनिटाला जाग्या झाल्या तर ट्रान्सफॉर्मरवर नवाच भार येतो. ब्रिटनमध्ये घरगुती स्मार्ट चार्जरना म्हणूनच १० मिनिटांपर्यंतचा, दर वेळी वेगळा विलंब आपोआप लावण्याची सक्ती आहे. तुमच्या अ‍ॅपमध्ये तशी सोय नसेल तर १२:०० ऐवजी १२:०७ टाका.

आठवडाभराने अ‍ॅपचे आकडे मीटरशी ताडून पाहा. फरक दिसला तर मीटरचा आकडा धरा आणि गळतीचा अंदाज दुरुस्त करा.