एक संशोधन, तीन वाटा: लेख, प्रदर्शन आणि माहितीपट

इतिहासाचा अभ्यास, संग्रहालय आणि माहितीपट या तिन्हींत काम करायचं असेल तर सुरुवातीपासून एकच स्प्रेडशीट ठेवा. दर वस्तूला एक ओळ: नोंदणी क्रमांक, तारीख आणि ती कशावरून ठरवली, कॉपीराइट कुणाचा, स्कॅनच्या फाइलचं नाव. लेखाची तळटीप, दालनातली पाटी आणि पडद्यावरचा शॉट या एकाच ओळीतून निघायला हवेत.

बहुतेकांचं घोडं कॉपीराइटच्या रकान्यात अडतं. फोटो संग्रहालयाच्या ताब्यात असला म्हणून हक्कही त्यांचेच, असं नसतं. शिवाय लेखासाठी मिळालेली परवानगी प्रसारणाला चालेलच असं नाही. पहिल्याच पत्रात तिन्ही वापर, मुदत आणि ऑनलाइन प्रसारण मागून घ्या. माहितीपटाचं संकलन उरकल्यावर मागायला गेलात, तर समोरचा सांगेल ती रक्कम मोजावी लागते.

स्कॅन पडद्याच्या हिशेबाने करा. फोर-के व्हिडिओची चौकट 3840 पिक्सेल रुंद असते. फोटोच्या अर्ध्या भागापर्यंत झूम करायचं तर स्कॅन किमान 7680 पिक्सेल रुंद हवा. 10 इंची फोटो 600 डीपीआयला (म्हणजे इंचामागे 600 ठिपके) 6000 पिक्सेलच देतो, म्हणून 800 ठेवा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीतली नोंद बरेचदा तिथेच सापडते.

खरा तंटा चित्रीकरणाच्या दिवशी होतो. कागद, कापड, जलरंग यांच्यासाठी दालनात साधारण 50 लक्स (उजेड मोजायचं एकक) इतकाच उजेड ठेवतात. कॅमेरामनला तो अपुरा वाटतो. पण उजेडाचं नुकसान साठत जातं: 1000 लक्सच्या उजेडातला एक तास म्हणजे दालनातले 20 तास. म्हणून फ्रेम, फोकस, कॅमेऱ्याची हालचाल सगळं त्याच मापाच्या प्रिंटवर बसवा, अस्सल वस्तू शेवटी आणा आणि शॉट संपताच दिवे घालवा. वस्तूला हात फक्त संग्रहालयाच्या माणसाचा. कागदाला धुतलेले, कोरडे हात बरे. सुती हातमोज्यांत बोटांना अंदाज येत नाही आणि कडा फाटतात. धातू आणि फोटोंना मात्र नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, हातमोजे.

लेखातला ‘बहुधा’ हा शब्द माहितीपटाच्या निवेदनात सर्वांत आधी उडतो. त्याला धरून ठेवणं हे तुमचं काम, दिग्दर्शकाचं नव्हे.

काम मागायला जाताना एकाच वस्तूवरचा छोटा लेख, 60 शब्दांची पाटी आणि तीन मिनिटांची फिल्म सोबत न्या.