महाविद्यालयीन ग्रंथालयातील ई-नियतकालिकांची व्यवस्था

छापील नियतकालिकाची वर्गणी बंद केली तरी आलेले अंक बांधणी होऊन कपाटात राहतात. ई-नियतकालिकाच्या बाबतीत ग्रंथालय पैसे मोजते ते बहुधा ठरावीक मुदतीपुरत्या वाचनाच्या परवानगीसाठी. त्यामुळे या कामाची सुरुवात संकेतस्थळावर दुवे टाकण्यापासून न करता करार वाचण्यापासून करावी. वर्गणी थांबल्यावर पैसे भरलेल्या वर्षांचे अंक वाचता येतील का, आणि येत असतील तर ते प्रकाशकाच्याच संकेतस्थळावर मिळतील की पोर्टिकोसारख्या जतनसंस्थेकडून, हे कलम सर्वांत आधी शोधावे. ते संदिग्ध असेल, तर देयक मंजूर करण्यापूर्वी प्रकाशकाकडून लेखी खुलासा घ्यावा; नंतर मागितलेल्या खुलाशाला फारसे वजन राहत नाही.

नवी वर्गणी भरण्याआधी हाताशी काय आहे, हे तपासणे तितकेच आवश्यक आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद असून, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांना आणि केंद्र शासनाच्या संशोधन संस्थांना खुली करण्यात आली आहेत. योजनेचा समन्वय विद्यापीठ अनुदान आयोगाचे गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र करते. महाविद्यालयांना ई-नियतकालिके व ई-पुस्तके पुरवणारा एन-लिस्ट हा उपक्रमही त्याच केंद्राचा आहे. आपली संस्था यांपैकी कशात बसते ते पाहून उपलब्ध याद्या आपल्या यादीशी ताडून पाहाव्यात. ताडताना नियतकालिकाच्या नावावर विसंबू नये, कारण नावे बदलतात आणि एकमेकांशी मिळतीजुळतीही असतात. ऑनलाइन आवृत्तीचा स्वतंत्र आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा प्रमाणित ओळख क्रमांक (ई-आयएसएसएन), हाच खात्रीचा आधार होय.

यानंतर एक साधी एक्सेल नोंदवही करावी. प्रत्येक ओळीत नाव, ई-आयएसएसएन, प्रकाशक, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचे अंक उघडतात, नूतनीकरणाची तारीख आणि कराराच्या प्रतीची जागा एवढे असले तरी पुरते. वर्षांचा रकाना मात्र प्रकाशकाच्या यादीतून जसाच्या तसा उतरवू नये. ग्रंथालयातल्या वाचकांच्या संगणकावर बसून सर्वांत जुन्या आणि सर्वांत नव्या अंकातील एकेक लेख पूर्ण पीडीएफसह उघडून पाहावा. केवळ सारांश दिसणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे, आणि ज्यावरून प्रकाशकाचे संकेतस्थळ महाविद्यालयाचे संगणक ओळखते तो इंटरनेटवरील आयपी पत्ता बदलल्याचे प्रकाशकाला कळवायचे राहून गेले असेल तर तेही याच वेळी उघडकीस येते.

नूतनीकरणाचा निर्णय काउंटर या, ई-साधनांचा वापर मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार प्रकाशकाकडून मिळणाऱ्या वापर-अहवालांवर घ्यावा. एकाच वाचकाने एकाच बैठकीत तोच लेख आधी एचटीएमएल आणि मग पीडीएफ स्वरूपात उघडला, तर एकूण मागण्यांत तो दोनदा मोजला जाऊ शकतो; म्हणून दर वापरामागचा खर्च काढताना एका बैठकीत एक लेख एकदाच मोजणारा ‘युनिक आयटम रिक्वेस्ट्स’ हाच आकडा धरावा. यांतील टीआर-जे2 या अहवालात वाचकांना प्रवेश नाकारला गेलेली नियतकालिके दिसतात, आणि पुढील वर्षीच्या खरेदीसाठी इतकी नेमकी माहिती क्वचितच दुसरीकडे मिळते. तरीही गणितासारख्या विषयात, जिथे वाचक मोजके पण जुन्या लेखांची गरज खरी असते, तिथे केवळ कमी आकडा पाहून वर्गणी तोडणे मला अन्यायाचे वाटते. त्या विभागातील प्राध्यापकांशी बोलल्याशिवाय तसा निर्णय घेऊ नये.

प्रकाशकांच्या संकेतस्थळांवरील प्रशासक खाती ग्रंथपालाच्या वैयक्तिक ईमेलवर न उघडता ग्रंथालयाच्या कार्यालयीन ईमेलवर उघडावीत, म्हणजे बदली किंवा निवृत्तीनंतर येणाऱ्या ग्रंथपालाला अहवाल आणि आयपी नोंदी पहिल्या दिवसापासून हाताळता येतील.