पतंगाचे शास्त्रीय नाव कसे वाचावे?

पतंगाचे शास्त्रीय नाव दिसले की बहुतेक जण उच्चारापाशीच अडखळतात. उच्चार नंतर जमतो. आधी नावाची मांडणी समजून घ्यावी. उदाहरणासाठी ‘निओपाल्पा डोनाल्डट्रम्पी नझारी, २०१७’ हे नाव घेऊ. दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया येथे आढळणारा हा पतंग पंख पसरूनही जेमतेम सेंटिमीटरभर भरतो.

पहिला शब्द प्रजातीचा (इंग्रजीत ‘जीनस’, म्हणजे जवळच्या जातींचा गट), दुसरा जातीचा (‘स्पीशीज’). (वृत्तपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास जातीच्या अर्थाने छापला जातो, तो घोळ येथे टाळावा.) रोमन लिपीत दोन्ही शब्द तिरप्या टंकात लिहितात आणि जातीचे नाव एखाद्या व्यक्तीवरून ठेवलेले असले, तरी त्याचे पहिले अक्षर लहानच ठेवतात. ‘डोनाल्डट्रम्पी’ या शब्दाच्या शेवटचा ‘ई’ हा लॅटिनमधील पुल्लिंगी षष्ठीचा प्रत्यय आहे. या पतंगाच्या डोक्यावरील पिवळसर पांढरे खवले पाहून संशोधक नझारी यांना डोनाल्ड ट्रम्प यांची केशरचना आठवली आणि नाव ठरले.

खरी गंमत पुढच्या भागात आहे. आडनाव आणि वर्ष यांवरून त्या जातीचे पहिले वर्णन कोणी व केव्हा प्रसिद्ध केले ते कळते. पण ही जोडी कंसात आहे की नाही, हे अवश्य पाहावे. ‘अ‍ॅटॅकस अ‍ॅटलास (लिनियस, १७५८)’ या पतंगाच्या नावातील कंस शोभेसाठी नाही: स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने ही जाती ‘फॅलिना’ या प्रजातीत घातली होती आणि ती पुढे दुसऱ्या प्रजातीत हलवली गेली, असे हा कंस सांगतो. नझारी यांच्या नावाला कंस नाही, कारण त्यांची जाती मूळ प्रजातीतच आहे. म्हणून यादी उतरवताना कंस मनाने घालू नये आणि गाळूही नये. प्राण्यांचे शास्त्रीय नामकरण १७५८ पासून धरले जात असल्यामुळे पतंगाच्या नावापुढे त्याआधीचे वर्ष दिसल्यास ती चूक समजावी.

नाव वाचता आले म्हणजे पतंग ओळखता आला, असे मात्र नव्हे. नझारी यांना ही जाती एका संग्रहालयातून मागवलेले नमुने तपासताना सापडली, आणि ‘निओपाल्पा निओनाटा’ या जातीपासूनचे तिचे वेगळेपण ठरवताना जननेंद्रियांची रचना व डीएनए यांचा आधार घ्यावा लागला. इतक्या लहान पतंगाचे केवळ छायाचित्र हाती असेल, तर जातीच्या नावाचा आग्रह न धरता नोंदवहीत फक्त प्रजाती लिहून थांबावे.