डेस्कटॉप मोकळा कसा ठेवावा

मे महिन्यात आमच्या जुन्या घराच्या राजांगणात, म्हणजे मधल्या अंगणात, भिरंडांची (कोकमांची) सोलं सुकत असतात. सकाळी पसरायची, ऊन कललं की गोळा करून आत घ्यायची. आईने हा नेम कधी मोडलेला मी पाहिला नाही. कॉम्प्युटरचा डेस्कटॉप मी याच रीतीने वापरायला लागलो आणि माझी कामं चुकायची थांबली. दिवसाचं काम पसरायला ती जागा आहे, साठवणीला नव्हे.

गोव्यातल्या फोंड्यात मी डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडण्याचं, काम करतो: लग्न-मुंजीच्या पत्रिका, भजनी सप्ताहाची हँडबिलं, जत्रांचे कार्यक्रम. काही वर्षांपूर्वी कार्तिकात माझ्या डेस्कटॉपवर ‘जत्रा फायनल’, ‘जत्रा फायनल नवीन’ आणि ‘जत्रा फायनल २’ अशा तीन फाइली होत्या. त्यांतली एक गेल्या वर्षीची. घाईत तीच छापायला गेली. जत्रा तिथीने येते, तारीख दर वर्षी बदलते. ५०० प्रती छापून आल्यावर देवळाचा कारभार पाहणाऱ्या महाजनांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी कागद हातात घेतला आणि हळूच विचारलं, “भाई, तिथी बरोबर आहे, पण ही तारीख गेल्या वर्षाची ना?” सगळं स्वखर्चाने पुन्हा छापलं. पैशांपेक्षा त्यांचा तो हळू आवाज जास्त लागला.

पुढची कृती विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आधी शॉर्टकट आणि फाइल यांतला फरक ओळखा. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असेल तर तो शॉर्टकट, म्हणजे नुसता पत्ता. तो डिलीट केला तरी प्रोग्रॅम जागच्या जागी राहतो. बाण नसेल तर मात्र ती खरी फाइल किंवा फोल्डर असतं, तिथे हात जपून. डेस्कटॉपवर एकेक चित्र निरखत बसण्यापेक्षा विंडोजचं बटण आणि ‘ई’ एकत्र दाबा, डाव्या बाजूच्या यादीतला डेस्कटॉप उघडा, व्ह्यूमधून डिटेल्स निवडा आणि ‘टाइप’ या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करा. सगळे शॉर्टकट एका ठिकाणी गोळा होतात. रोज लागणारे चार-पाच टास्कबारवर (पडद्याच्या खालच्या पट्टीवर) पिन करा आणि बाकीचे बिनधास्त काढा. नंतर एखादा प्रोग्रॅम हवा झालाच तर विंडोजचं बटण दाबून त्याच्या नावाची पहिली अक्षरं टाइप केली की तो समोर येतो. काढताना ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागितली तर घाबरू नका. तो आयकॉन त्या कॉम्प्युटरच्या सगळ्या वापरकर्त्यांसाठी ठेवलेला असतो, एवढंच.

आता खऱ्या फाइली. हा भाग सावकाश करावा. डेस्कटॉप हे सी ड्राइव्हवरचं एक साधं फोल्डर आहे. कॉम्प्युटर बिघडला, दुरुस्तीवाल्याने सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, की डेस्कटॉपवरचं सगळं त्याबरोबर जातं. बाळाच्या बारशाचे फोटो, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याचं स्कॅन, घरपट्टीच्या पावत्या लोक याच जागी ठेवतात, म्हणून हे कळकळीने सांगतो. डी ड्राइव्ह असेल तर तिथे, नसेल तर डॉक्युमेंट्समध्ये, मोजकी फोल्डरं करा: घर, जमीन, मुलांची शाळा, फोटो. माझ्याकडे गिऱ्हाइकाप्रमाणे आहेत. फाइली कट करून तिथे पेस्ट करा आणि जे हलवलं ते उघडतं ना, हे पाहा. डॉक्युमेंट्सही सहसा सी ड्राइव्हवरच असतं, म्हणून महत्त्वाच्या कागदांची आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर हवीच.

डीटीपीवाल्यांनी एक सांभाळावं. पानात चित्रं लिंक करून लावलेली असतील तर पानाची फाइल आणि चित्रं एकाच फोल्डरात एकत्र हलवा. नुसती पानाची फाइल हलवली की चित्रं हरवल्याची तक्रार येते, तीही नेमकी छापायच्या दिवशी.

कुठल्या फोल्डरात जावं हे सुचत नाही अशा फाइलींसाठी ‘आवरायचं’ नावाचं एक फोल्डर चालेल. ते मात्र डेस्कटॉपवर ठेवू नका.

नाव देताना ‘फायनल’ हा शब्द टाळा. वर्ष-महिना-दिवस आधी आणि मग विषय: ‘२०२५-११-०८ जत्रा’. नावाप्रमाणे लावल्या की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने उभ्या राहतात. मध्ये आडवी रेघच द्या, कारण विंडोज फाइलच्या नावात तिरकी रेघ घेत नाही.

पसारा येतो कुठून, ती वाटही बंद करायला हवी. नवा प्रोग्रॅम टाकताना डेस्कटॉपवर शॉर्टकट करू का, असा एक चौकोन बहुधा येतो. त्यातली खूण काढा. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोडपाशी, फाइल कुठे ठेवायची ते दर वेळी विचारण्याची सोय असते, ती चालू करा. वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीचा) बॅकअप डेस्कटॉपला लागलेला असेल तर तिथली प्रत्येक फाइल इंटरनेटवरही चढते. फुकटची जागा ५ जीबी, लग्नाच्या एका अल्बममध्ये ती भरते.

डेस्कटॉपच्या मोकळ्या जागी राइट क्लिक करून व्ह्यूमधली ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’वरची खूण काढली की सगळं एका क्षणात दिसेनासं होतं. शाळेत किंवा सभेत प्रोजेक्टर लावण्याआधी हे उपयोगी आहे, पण फाइली जिथल्या तिथेच असतात. याला आवरणं म्हणू नये. २००१ च्या विंडोज एक्सपीत दर ६० दिवसांनी न वापरलेले शॉर्टकट बाजूला काढायची सोय होती. फाइलींना तीही हात लावत नसे, कारण कुठला कागद कामाचा हे मशीनला कसं कळणार?

माझ्या डेस्कटॉपवर आज रिसायकल बिन आणि ‘चालू काम’ हे एकच फोल्डर आहे. प्रूफवर गिऱ्हाइकाची सही झाली की फाइल त्यातून उचलून त्याच्या फोल्डरात टाकतो, आणि मगच छापखान्याला फोन लावतो.